‘आमचं सगळ्यांवर प्रेमच आहे, पण...’: बहाई गप्पांमध्ये गे लोकांबद्दल वाकडं बोललं गेलं तर काय करायचं

हे मी मुख्यतः बहाई मंडळींसाठी लिहितेय, म्हणजे जे फीस्टला (दर बहाई महिन्याला होणाऱ्या समाजाच्या बैठकीला) जातात, स्टडी सर्कलला बसतात आणि ज्यांच्या फोनमध्ये दोन-चार बहाई ग्रुप कायमचे म्यूट केलेले असतात. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर बहाई म्हणजे दिल्लीच्या लोटस टेंपलवाले, आणि आपल्याकडे म्हणाल तर पांचगणीच्या न्यू एरा शाळेवाले, शिवाय मुंबई-पुण्यातली काही इराणी कुटुंबं. धर्म एकोणिसाव्या शतकात इराणमध्ये सुरू झाला आणि १८७० च्या दशकातच धर्मप्रसारक जमाल एफेंदी मुंबईत येऊन पोचले होते, त्यामुळे आपल्याकडे हा काही कालपरवाचा प्रकार नाही. यात पुरोहित, मुल्ला, पाद्री असं कोणी नसतं, गावोगावी निवडून आलेली नऊ जणांची असेंब्ली असते आणि सगळ्यात वर इस्रायलमधल्या हैफातलं विश्व न्याय मंदिर, म्हणजे निवडून आलेली सर्वोच्च संस्था. पुरोहित नसल्याचा तोटा एवढाच की प्रत्येकालाच अधूनमधून पुरोहित व्हावंसं वाटतं, आणि गे लोकांचा विषय निघाला की तर फारच.

विषय निघतो कसा तर कोणीतरी कोर्टाच्या निकालाची बातमी ग्रुपवर टाकतं, किंवा फीस्टनंतर चहाच्या वेळी एखाद्या पस्तिशीतल्या मुलाच्या लग्नाची चौकशी सुरू होते. मग ठरलेली वाक्यं येतात: हा आजार आहे, हे पाश्चात्त्य फॅड आहे, असे लोक असेंब्लीवर कसे चालतील, आणि शेवटी ‘आमचं सगळ्यांवर प्रेमच आहे, पण...’. त्या ‘पण’च्या पुढे जे येतं ते गुपचूप वाचणारं एखादं माणूस त्याच ग्रुपमध्ये असतं, आणि बऱ्याचदा ते कोण हे तुम्हाला माहीतही नसतं. मला वाटतं उत्तर द्यायचं ते त्या माणसासाठी. समोरच्याचं मत बदललं तर चांगलंच, पण त्याच्यावर अडून बसू नका.

आधी एक गृहपाठ करून घ्या, नाहीतर पहिल्या मिनिटाला तोंडावर पडाल. बहाई कायदा या विषयावर काय म्हणतो ते नीट माहीत हवं. लग्न म्हणजे स्त्री आणि पुरुषाचं, शरीरसंबंध फक्त लग्नात, आणि समलिंगी संबंधांना परवानगी नाही. किताब-ए-अकदस या कायद्यांच्या ग्रंथात धर्मसंस्थापक बहाउल्लाहांनी विषयाला जेमतेम एका वाक्यात स्पर्श केलाय, पुढे धर्माचे प्रमुख झालेल्या शोघी एफेंदींनी त्याचा अर्थ सगळ्याच समलिंगी संबंधांना मनाई असा लावला आणि १९९२ साली आलेल्या इंग्रजी अकदसच्या टिपांमध्ये ते छापलेलं आहे. अर्थ लावायचा अधिकार बहाई व्यवस्थेत त्यांचा होता आणि न्याय मंदिर म्हणतं की तो बदलणं आमच्या हातात नाही. मूळ वाक्य नेमकं कशाबद्दल आहे, सेक्रेटरींनी त्यांच्या वतीने लिहिलेल्या पत्रांचं वजन किती, यावर लोक वर्षानुवर्षं वाद घालतायत, ज्यांना घालायचाय त्यांनी जरूर घालावा, मला स्वतःला त्यात रसही आहे. पण ग्रुपवर कोणीतरी एका माणसाचा अपमान करत असताना हा वाद काढायचा नाही, कारण अपमान करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. तो लगेच अकदस उघडून बसतो, तुम्ही अरबी व्याकरणात शिरता, आणि तो काय बोलला होता हे सगळे विसरून जातात.

म्हणून माझं सांगणं एकच, वाद कायद्यावर जाऊ द्यायचा नाही, वागण्यावर आणायचा. ‘कायदा काय आहे ते मला माहीत आहे, तुम्ही आत्ता जे बोललात त्याबद्दल बोलूया.’ हे वाक्य मराठीत, हिंदीत, इंग्रजीत जसं जमेल तसं तयार ठेवा. वागण्याच्या बाबतीत सगळी पुस्तकं तुमच्या बाजूने आहेत, अक्षरशः सगळी.

त्यातलं पहिलं आणि सगळ्यात कामाचं म्हणजे न्याय मंदिराच्या सचिवालयाचं २७ ऑक्टोबर २०१० चं पत्र. त्यात स्वच्छ सांगितलंय की समलिंगी कल असलेल्यांकडे पूर्वग्रहाने किंवा तुच्छतेने बघणं धर्माच्या भावनेच्या विरुद्ध आहे, आणि कोणाचे मूलभूत हक्क डावलले जात असतील तर त्यांच्या बाजूने उभं राहणं बहाई माणसाला अगदी शोभतं. हे पत्र फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, तारखेसकट. बहाई वर्तुळात तारीख सांगितली की निम्मे लोक आपोआप सरळ बसतात.

दुसरं खुद्द अकदस. खून आणि व्यभिचार यांना ज्या वाक्यात मनाई केलीय ना, त्याच वाक्यात परनिंदा आणि खोटे आरोप यांनाही मनाई आहे, एका दमात. म्हणजे जो माणूस ‘अमक्याचा मुलगा तसला आहे असं ऐकलंय’ म्हणून टाइप करतोय तो त्याच पुस्तकाचा कायदा मोडतोय ज्याचा आधार घेऊन तो बोलतोय. हे त्याला टोमणा म्हणून मारू नका, शांतपणे सांगा. मागून बोलण्याने बोलणाऱ्याच्याच मनातला उजेड विझतो अशा अर्थाचंही बहाउल्लाहांचं प्रसिद्ध वचन आहे, आणि हिडन वर्ड्स या त्यांच्या वचनसंग्रहात तर स्वतःचे दोष विसरून दुसऱ्याचे दोष काय शोधत बसलास असं थेट विचारलंय. ही दोन्ही बहुतेकांना लहानपणापासून पाठ असतात, त्यामुळे तुम्हाला फक्त आठवण करून द्यायची असते.

तिसरं फार कमी लोक वापरतात. अकदसमध्ये माणसांपुढे पापाची कबुली द्यायला मनाई आहे, कबुली फक्त देवापुढे. मग ‘तू नक्की काय करतोस ते सांग, तुझे संबंध आहेत की नाहीत’ असं भर ग्रुपमध्ये कोणी विचारायला लागलं, तर ते विचारणंच बहाई रीतीत बसत नाही. तुम्ही तिथे लिहू शकता, ‘याचं उत्तर द्यायला कोणी बांधील नाही, आणि आपण विचारायलाही नको.’ एवढ्यावर थांबा, पुढे स्पष्टीकरण नको.

आता ठरलेल्या वाक्यांकडे येऊ.

‘गे आहे म्हणजे बहाई कसा?’ बहाउल्लाहांवर विश्वास आहे तो बहाई, विषय संपला. कायदा कृतीबद्दल आहे, मनात कोणाबद्दल ओढ वाटते त्याबद्दल कोणालाही शिक्षा नाही. आणि उघडपणे कायदा मोडल्याचं प्रकरण असलं तरी प्रशासकीय हक्क काढायचे की नाही हे राष्ट्रीय असेंब्ली ठरवते, तेही समजावून, मुदत देऊन. हक्क काढले तर मतदान, निवडून येणं, फीस्टला बसणं, फंडाला देणगी देणं हे थांबतं, पण माणूस बहाई राहतोच. म्हणजे जे काम राष्ट्रीय असेंब्ली सुद्धा जपून करते ते कोपऱ्यात बसून चहा पिता पिता आपण करून टाकायचं? हा प्रश्न मी असाच विचारते आणि साधारण लोक चहाकडे बघायला लागतात.

‘हा आजार आहे, डॉक्टरकडे जा, प्रार्थना कर.’ या वाक्यावर मला जरा जास्त वेळ घालवायचाय कारण सगळ्यात जास्त नुकसान याने होतं, आणि बोलणारे बहुतेक वेळा प्रेमाने बोलत असतात. शोघी एफेंदींच्या काळातल्या पत्रांमध्ये खरोखरच डॉक्टरांची मदत घ्या, प्रयत्न करा, प्रार्थना करा असा सल्ला आहे. ती पत्रं १९४०-५० च्या आसपासची आहेत, तेव्हाचे डॉक्टरही याला आजारच म्हणत होते. आता डॉक्टर काय म्हणतात? जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्या इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये जाहीर सांगितलं की हा आजार नाही. मद्रास हायकोर्टाने २०२१ मध्ये अशा ‘उपचारां’वर बंदी घालायला सांगितलं आणि त्यानंतर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने कन्व्हर्जन थेरपी म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. त्यामुळे ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’ हे पत्रातलं वाक्य आज पाळायचं झालं तर डॉक्टर सांगतील की बरं करण्यासारखं काही नाहीये, घरी जा आणि आईवडिलांना पाठवा. विज्ञानाशी जुळत नाही तो धर्म अंधश्रद्धा होतो हे बहाउल्लाहांचे पुत्र आणि वारस अब्दुल-बहा परत परत सांगून गेले, आणि शोघी एफेंदींच्या वतीने लिहिलेल्या एका पत्रात तर स्पष्ट म्हटलंय की त्यांचं अचूक असणं धर्माच्या बाबींपुरतं आहे, अर्थशास्त्र किंवा विज्ञानात नाही. हा मुद्दा मांडताना आवाज चढवू नका. कोणी ओळखीच्या ‘तज्ज्ञा’कडे पोरांना पाठवायचं म्हणत असेल तर मात्र आवाज चढला तरी चालेल, तिथे एखाद्याचं आयुष्य पणाला असतं.

‘लग्न करून टाक, सगळं ठीक होईल.’ हे आपल्याकडचं खास. यात आया, मावश्या, आंट्या सगळ्या सामील असतात आणि मुलीचा विचार कोणीच करत नाही, ज्या मुलीशी लग्न लावणार तिचा. इथे परत अकदस मदतीला येतं. लग्न बंधनकारक आहे का असं बहाउल्लाहांना विचारलं गेलं होतं, उत्तर आहे की नाही, बंधनकारक नाही. आणि लग्नाला आधी त्या दोघांची मनापासून संमती लागते, मग दोन्हीकडच्या आईवडिलांची. काही लपवून घेतलेली संमती कसली संमती? तेव्हा फीस्टमध्ये कोणाच्या लग्नाची चौकशी सुरू झाली की विषय बदलायचं काम तुमचं. ‘आंटी, तुमच्या गुडघ्याचं काय झालं’ हे वाक्य कुठेही चालतं, आणि गुडघ्यावर वीस मिनिटं आरामात जातात.

‘हे पाश्चात्त्य फॅड आहे.’ हमसफर ट्रस्ट मुंबईत १९९४ पासून आहे, पुण्यात बिंदुमाधव खिऱ्यांनी समपथिक ट्रस्ट २००२ मध्ये काढला, तिथे येणारी पोरं सदाशिव पेठेतली आणि हडपसरचीही होती, न्यूयॉर्कची नव्हती. यापेक्षा जास्त वेळ या वाक्याला देऊ नका. फक्त एक काळजी घ्या, २०१४ च्या मे महिन्यातल्या न्याय मंदिराच्या पत्रात असं म्हटलंय की या विषयावरचा सध्याचा वाद पश्चिमेत सुरू झाला आणि तो माणसाला दोनच बाजूंमध्ये ढकलतो, एकतर पूर्ण स्वीकारा नाहीतर पूर्ण नाकारा. समोरचा हे पत्र काढेल. काढू दे, कारण त्या पत्राचा सांगावा दोन्हीकडे लागू पडतो, जाहीर वादात कुठल्याच बाजूला जाऊन उभं राहू नका असा. म्हणजे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात समलिंगी विवाहाचं प्रकरण चालू असताना जे विरोधातले फॉरवर्ड फिरवत होते त्यांनाही ते तितकंच लागू. तुम्ही लिहा, ‘बरोबर आहे अंकल, मग हा फॉरवर्डही नको ना इथे?’

‘अशा माणसाला मुलांचे क्लास देऊ नका.’ हे वाक्य आलं की मी गोड बोलणं सोडते. मुलांवर अत्याचार करणारे वेगळे आणि गे माणूस वेगळा, ही सरमिसळ ऐकून घ्यायचीच नाही. मी साधारण असं लिहिते: ‘काका, मुलांच्या सुरक्षेचे जे नियम असतील ते सगळ्याच शिक्षकांना लावूया, लग्न झालेल्यांनाही, मला मान्य आहे. पण एका माणसाचा रोख धरून हा संशय ग्रुपवर ठेवणं बरोबर नाही. मेसेज काढून टाकाल का?’ काकांनी काढला तर आभार मानायचे, पुढे ताणायचं नाही. नाही काढला तर अॅडमिनला सांगायचं, आणि नाव घेऊन काही लिहिलं असेल तर असेंब्लीला कळवायचं. लोक असेंब्लीकडे जायला लाजतात, परनिंदा किरकोळ गोष्ट आहे असं समजून. पण वरती बघा, ती कुठल्या वाक्यात बसलीय.

इथे आणखी एक गोष्ट आहे पण ती जपून वापरायची. इराणमध्ये बहाईंबद्दल दीडशे वर्षं काय काय पसरवलं गेलं हे पुण्या-मुंबईच्या जुन्या कुटुंबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, हे लोक अनैतिक आहेत, यांच्यात नातीगोती पाळत नाहीत, यांच्यापासून मुलं लांब ठेवा. १८ जून १९८३ ला शिराझमध्ये दहा बहाई बायकांना फाशी दिलं, त्यातली मोना महमूदनिजाद सतरा वर्षांची होती आणि तिच्यावरचा एक आरोप लहान मुलांचे क्लास घेते हा होता. हे मी ग्रुपवर कधी लिहीत नाही, कोणाच्या घरचं दुःख वादात फेकून मारायचं नसतं. पण एखाद्या वयस्कर माणसाशी समोरासमोर, निवांत बोलताना, ‘आपल्याबद्दलही असंच बोलायचे ना’ एवढं म्हटलं की ते कुठेतरी पोचतं असा माझा अनुभव आहे.

‘दारूसारखंच आहे, दारू पण मना आहे.’ ही तुलना मला अर्धी आवडते. आवडते यासाठी की लगेच विचारता येतं, मग दारू पिणाऱ्या बहाई माणसाबद्दल आपण ग्रुपवर एवढं बोलतो का? नाही बोलत, सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे गप्प असतात. आवडत नाही कारण दारू सोडलेला माणूस संध्याकाळी घरी जातो तेव्हा बायको-मुलं असतात, आणि गे माणसाला आपण जे सांगतोय ते जन्मभर एकटं राहा असं आहे. कायदा मान्य असलेल्यांनी सुद्धा हे ओझं केवढं आहे ते तोंडाने एकदा म्हणून बघावं. अविवाहित सगळ्यांनाच तो नियम आहे हे खरं, पण बाकीच्यांना पुढेमागे लग्नाची दारं उघडी असतात.

कोणी ‘कॉव्हेनंट ब्रेकर’ (धर्माच्या नेतृत्वाविरुद्ध उठलेला, ज्याच्याशी संबंध तोडतात असा माणूस) हा शब्द फेकला तर तिथल्या तिथे थांबवा. प्रश्न विचारणं, कायद्याने त्रास होतो असं म्हणणं, नाराज होऊन समाज सोडणं यातलं काहीही कॉव्हेनंट तोडणं नाही, आणि तसं जाहीर करायचा अधिकार ग्रुपमधल्या कोणालाच नाही. सहायक मंडळाचे (म्हणजे लोकांना आणि असेंब्लींना सल्ला द्यायला नेमलेले) सदस्य असतील तर त्यांना टॅग करा, ते अशा वेळी फार उपयोगी पडतात, शब्द जपून वापरणारी माणसं असतात बहुतेक.

थोडं तंत्राबद्दल. रात्री अकरानंतर उत्तर देऊ नका. उत्तर तीन-चार ओळींचं, त्यात एकच मुद्दा, एकच आधार. पत्रं एकावर एक चिकटवत बसलात तर समोरचाही चिकटवतो आणि त्याच्याकडे जास्त असतात, हे मान्य करा. ग्रुपवर एकदा बोललं की पुढचं पर्सनल मेसेजवर न्या, तिथे माणूस दुसराच असतो, त्याला प्रेक्षक नसतात. ओळखीतल्या दोघांतिघांना आधी सांगून ठेवा की मी लिहिलं तर एक वाक्य तरी पाठिंब्याचं टाका, नुसता अंगठा नको. आणि स्क्रीनशॉट बाहेर पाठवू नका, अगदी राग आला तरी, कारण त्यात ज्याच्याबद्दल बोललं गेलंय त्याचंही नाव फिरतं. आपला समाज लहान आहे, पांचगणीत शिंकलं की पुण्यात रुमाल काढतात.

आता ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय त्याच्याबद्दल. कोणीतरी गे असेल असं तुम्हाला वाटतंय म्हणून त्याला जाऊन ‘मी तुझ्या बाजूने आहे हं’ असं सांगू नका, त्याने तुम्हाला काही सांगितलेलं नाही. ग्रुपवर जे लिहिलंत ते त्याने वाचलेलं असतं, तेवढं पुरतं. त्याने आपणहून सांगितलं तर ऐका, कोणाला सांगायचं नाही हे त्याला न विचारता कबूल करा, आणि कायदा समजावायला बसू नका, तो त्याला तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतो. उद्या कायदा बदलेल असं खोटं आश्वासनही नको. पुढच्या आठवड्यात घरी जेवायला बोलवा, नेहमीसारखं, आणि त्याचा कोणी जोडीदार असेल तर त्यालाही, आणि ताटावर बसल्यावर क्रिकेटबद्दल बोला. तो फार खचलेला वाटला, जीवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलला, तर एकटं सोडू नका, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे १४४१६, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

आणि एखादा निघूनच गेला, म्हणजे राजीनामा देऊन किंवा नुसताच यायचा बंद झाला, तर त्याच्या मागे परत बोलावणारी शिष्टमंडळं पाठवू नयेत असं मला वाटतं. नवरोजला त्याला शुभेच्छांचा मेसेज जातो ना तो जाऊ द्या, लिस्टमधून नाव काढू नका, आणि ग्रुपवर कोणी ‘तो का गेला’ विचारलं तर ‘त्यालाच विचारा, माझ्याकडे नंबर आहे’ एवढंच लिहा, पण नंबर मात्र त्याला विचारल्याशिवाय देऊ नका.